घोड्याचा केस

"कुणाकडून आणलंस हे, ते आता डॉक्टरांसमोरच सांग," असं म्हणत नवऱ्याने माझी बॅग खुर्चीखाली ढकलली. माझे कपडे त्याने सकाळीच भरले होते. दवाखान्यातून मला थेट माहेरी नेऊन सोडणार होता. लग्नाला सहा वर्षं झाली, परपुरुषाचा विचारही कधी मनाला शिवला नाही. पण नको त्या जागी फोड आल्यावर बाईच्या शपथा कोण ऐकतो?

डॉक्टरबाईंनी मला तपासून हातमोजे काढले. "या चामखिळी आहेत. व्हायरसमुळे होतात आणि शरीरसंबंधातून लागतात. पण तो व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तेव्हा हिच्यावर आळ घेऊ नका."

"हात्तिच्या, चामखिळीच ना!" नवरा एकदम सैलावला. "मग त्याला घोड्याचा केस करकचून बांधायचा. लग्नाआधी मलाही तिथेच आली होती. आठ दिवसांत गळून पडली."

बोलून झालं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. चार दिवस याच तोंडाने मला नाही नाही ते ऐकवलं होतं.

"चामखीळ गळते," बाई म्हणाल्या, "व्हायरस मागे राहू शकतो. पडद्यामागे चला, तुम्हालाही तपासते."

तो उठेना. मी खुर्चीखालची बॅग ओढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"तुम्हाला कुठे सोडू?" मी विचारलं. "तुम्हाला तर माहेरही नाही."