घरचं माणूस

"काका, तुमच्या घरचे आहेत तरी कसे?"

दिल्लीच्या हॉस्पिटलात अंबर्डेकरांना शुद्ध आली, तेव्हा साताऱ्याची नर्स त्यांचा मोबाइल हातात धरून तणतणत होती. "ऑपरेशनच्या वेळी बाहेर थांबायला घरचं माणूस लागतं, म्हणून तुमचाच अंगठा लावून फोन उघडला. आत्यांचा फोन कुणा पुरुषाने उचलला, म्हणाला राँग नंबर. मामांनी तुमचं नाव ऐकताच कट केला. दादा तर सरळ म्हणाले, असा माणूस आम्हाला ठाऊकच नाही!"

ऑक्सिजनच्या मास्कआड अंबर्डेकर हसले. आत्या म्हणजे एका खात्याचे सचिव, मामा तपास यंत्रणेत, दादा मंत्र्याच्या कार्यालयात. आतल्या बातम्या देणारी ही माणसं कुणाला सापडू नयेत, म्हणून पत्रकार अंबर्डेकरांनी फोनमध्ये त्यांना नात्यांची नावं दिली होती. प्रत्येकाला बजावलं होतं, माझ्या फोनवरून दुसरं कुणी बोललं, तर मला ओळखायचं नाही. त्यांच्या जोरावर अंबर्डेकरांनी भल्याभल्या मंत्र्यांना घरी बसवलं होतं. आज त्यांतलं एकही फुटलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला.

"मग आता बोलावू कुणाला?" नर्सचा आवाज मऊ झाला.

त्यांनी मोबाइल घेऊन नावं वरपासून खालपर्यंत सरकवली. काकू, मावशी, भाचा, मेव्हणा. सगळं गणगोत होतं, फक्त त्यांचं कुणी नव्हतं. बातम्यांच्या मागे धावताना ते जोडायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी मास्क जरासा बाजूला केला.

"सिस्टर, बाहेर तुम्हीच थांबाल का?"