नाल्याकाठचं न्यूयॉर्क

सुकलालने जीपचा हॉर्न पुन्हा वाजवला. यंदाचा पूल कुठल्या गावच्या नाल्यावर बांधायचा, हे दुपारी शिरपूरच्या बैठकीत ठरणार होतं. गावागणिक एक माणूस, एक मत. त्या माणसाच्या मानाचा नारळ पुढच्या सीटवर होता. पण माणूस पंचांनी निवडायचा की सगळ्यांनी हात वर करून, यावरूनच गावचे दोन पाडे हातघाईवर आले होते. बाळंतपणाला माहेरी आलेली सुकलालची लेक हेमलता इतिहास शिकवायची. ती ओरडली, "अमेरिकेच्या पहिल्या निवडणुकीत न्यूयॉर्कवाले असेच भांडत बसले अन् मत पडलंच नाही!" पंचांतले खाज्याआबा थबकले. "मंग राष्ट्राध्यक्ष व्हयना का नही?" "झाला की, त्यांच्यावाचून." मग दोन्हीकडून आरोळी उठली, "म्हनून आमनाच मानूस धाडा!" सुकलालने नारळ लेकीच्या पदरात टाकला. "सामान भर, बेटा. नाल्याले पूर येवाना आत तुले शिरपूरना दवाखानामा सोडस."