जाईबाई ऑनलाइन

जीप दारात उभी होती आणि तृप्ती बॅग भरायला तयार नव्हती. तेराव्यानंतर बाईला माहेरी विसाव्याला नेतात, म्हणून मावसभाऊ प्रमोद कोळवणहून माणला आला होता. आईवडलांमागं तृप्तीला वाढवलं ते त्याच्या आईनं, जाईबाईनं. माहेर म्हणाल तर तेवढंच. आणि तेवढंही आज तोडायचं तिनं ठरवलं होतं.

नवरा, ऋषिकेश, अपघातात गेला त्या दिवसापासून तिच्या मोबाइलवर जोडलेल्या हातांची रीघ लागली होती. मॅनेजरनं इंग्रजीत अख्खा परिच्छेद पाठवला. कुठूनतरी उचललेला, शेवटी दुसऱ्याच कुणाचं नाव राहिलेलं. घरमालकानं मेणबत्ती पाठवली, पाठोपाठ चुकून वाढदिवसाचा केक. तृप्तीनं सगळं जमेला धरलं. दुःखातलं माणूस कुणाकडून काय आलं ते एकवेळ विसरेल, काय आलं नाही ते विसरत नाही.

मावशीकडून काहीच आलं नव्हतं. पाय प्लास्टरात, ती येऊ शकत नव्हती, हे कबूल. पण ‘मावशी, ऋषिकेश गेला’ या ओळीपुढं निळ्या खुणा उमटल्या आणि खाली सगळं कोरं. फोन बिघडला म्हणावं, तर रोज सकाळी मावशीच्या नावाखाली ‘ऑनलाइन’. चांगली घटकाभर. म्हणजे जगाशी बोलायला सवड होती. पोरक्या भाचीसाठी दोन शब्द नव्हते.

हे सगळं तिनं प्रमोदला ऐकवलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, “तिला सांग, तृप्ती नावाची कुणी होती हे विसर.”

प्रमोद उंबऱ्याशीच टेकला. 

“ताई, आईला त्या फोनवर दुसरं हाय कोन? रोज आंगोळ झाली की मला तुजं नाव उघडून द्यायला लावती. फोन म्होरं ठेवती, डोईवर पदर घेती अन् बसती. पडदा काळा झाला की बोट लावती. तवर च्याला बी शिवत न्हाई. मी म्हनलं, काय तरी लिव की. तर माज्यावरच रागं भरली. म्हनली, दुःखाच्या घरी जाऊन कुनी बोलतं व्हय? नुसतं बसायचं आसतं.”