तिसरा थर

कडं अडकलं. निवड घेणाऱ्या मॅडमनी हॉकीची स्टिक फिरवून पाहिली, जरा जोरही लावला. पण टोकाच्या वळणाशी येऊन ते लोखंडी कडं जे रुतलं, ते पुढे सरकेना.

"जाडी जास्त आहे. दुसरी स्टिक असेल तर आण, नाहीतर बाजूला हो. आणि उसनी मागत बसू नकोस, सगळ्या एकदमच खेळणार आहेत."

ती वेंगुर्ल्याची पोर डोळे पुसत मैदानाबाहेर आली. रांग एक पाऊल पुढे सरकली. दिव्याच्या पुढे आता चौघीजणी होत्या, आणि तिचा बाप सत्यवान कट्ट्यावर बसून त्या मोजत होता.

दिव्याची स्टिकही त्या कड्यातून जाणार नव्हती. हे त्या अख्ख्या मैदानावर आपल्या एकट्यालाच माहीत आहे, याची त्याला खात्री होती.

सत्यवान मालवणात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. त्याचं माप म्हणजे माप, बंदरावर कोणालाही विचारा. दिव्याच्या शाळेचं मैदान सड्यावर, म्हणजे नुसता उघडा कातळ. त्या कातळाने आधी तिची लाकडी स्टिक खाल्ली, मग मोठ्या हौसेने आणलेली कार्बनची. सहा महिन्यांत टोकाचे धागे सुटले. "बाबांनू, ह्येका कायतरी करा, निवड तोंडार इली," म्हणत ती स्टिक घेऊन त्याच्याकडे आली. सोबत कागदावर लिहून आणलं होतं, कड्याचं माप एक्कावन्न मिलिमीटर. सत्यवानने टोक घासलं, रेझिन लावलं, फायबरच्या कापडाचे दोन थर चढवले. खडकावर घासणाऱ्या होडीच्या तळाला करतात तसं काम. आता कातळ काय, डोंगर आला तरी टोक हलणार नव्हतं. आणि मापातही बसत होतं.

मग त्याने तिसरा थर चढवला आणि वरून रंगाचा हात मारला.

निवड झाली की दिव्या पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जाणार. थोरला सर्वेशही असाच पुण्याला गेला. आता चतुर्थीला दोन दिवस येतो, त्यातला एक झोपून काढतो. नम्रता वारल्यापासून घरात हे दोघंच. लेक गेली तर त्या घरात कोणाशी बोलायचं, हा विचार त्याला सोसत नव्हता. पण "जाव नको" म्हणायला तोंड उघडत नव्हतं. जरा माप चुकलं तर बापाला कोण बोल लावणार? पुढच्या वर्षी बघू, असं त्याने स्वतःलाच समजावलं होतं.

एकीची स्टिक कड्यातून गेली. दुसरीचीही गेली. तेवढ्यात दिव्या रांगेतून बाहेर पडली. "तू जा गो फुडे," असं मागच्या मुलीला म्हणून ती थेट शेवटी जाऊन उभी राहिली. जाताना तिने कट्ट्याकडे पाहिलं. सत्यवानने मान फिरवली. घाबरलंय पोर, तो मनात म्हणाला.

पुढे आली तशी ती पुन्हा मागे गेली. पुन्हा कट्ट्याकडे पाहिलं.

शेजारी ती वेंगुर्ल्याची पोर आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती. "रडा नको, फुडल्या वर्षाक बघया," आई म्हणाली.

"फुडल्या वर्षाक माझा वय बसाचा नाय, आई."

सत्यवानने चमकून तिच्याकडे पाहिलं. ही पोर दिव्याएवढीच होती.

"अगं, सारखी मागे काय जातेस?" मॅडम ओरडल्या. "आता तुझ्यामागे कोणी नाही. आण इकडे."

दिव्याने स्टिक पुढे केली आणि सत्यवान उठला. चपला कट्ट्याखालीच राहिल्या. धावत जाऊन त्याने मॅडमच्या हाताआधी स्टिक धरली.

"माका दी हंय!"

"अहो, काय करताय तुम्ही?"

"दोन मिनिटं द्या, मॅडम. पाया पडतो. फक्त दोन मिनिटं."

कट्ट्याच्या खरबरीत चिऱ्यावर त्याने टोक घासायला सुरुवात केली. रंग गेला. पांढरी भुकटी उडाली. बोटांची सालं निघाली तरी हात थांबेना. दर चार वेळा घासलं की तो अंगठा फिरवून पाही. कमी गेलं तर कडं अडकणार, जास्त गेलं तर टोक पहिल्याच फटक्याला फुटणार. खालच्या थराची वीण दिसली मात्र, तो थांबला.

मॅडमनी कडं चढवलं. ते वळणाशी आलं आणि अडलं. सत्यवानने डोळे मिटून घेतले. मॅडमनी मनगट जरासं फिरवलं, आणि कडं टोकावरून सुटून खाली पडलं.

"चालेल. पळ आत."

दिव्या मात्र पळाली नाही. तिने बापाची सोललेली बोटं हातात घेतली. सत्यवानला तिच्याकडे बघवेना.

"माप जरा चुकला गो बाय," तो कसाबसा म्हणाला.

"तुमचा माप चुकाचा नाय, बाबांनू. काल शाळेतल्या सरांच्या कड्यात घालून बघलंय मी, अडाकली. म्हणान तर मागे मागे जात रवलंय. तुमी उठतास काय नाय, ता माका बघूक होया होता."