यात कुठलं तेल घालशील?

"हात मळवायची तयारी आहे ना?" आर्वो निस्कानेनने गाडीखालूनच विचारलं.

गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाने स्वतःच्या स्वच्छ जाकिटाकडे पाहिलं, ते काढून खिळ्याला अडकवलं आणि बाह्या सरसावल्या.

"आहे की. मी रेमी. मी आलो होतो ते—"

"कशासाठी आलायस ते ठाऊक आहे मला. आधी गाडी, मग बाकीचं. ते घमेलं इकडे सरकव."

रेमीने घमेलं सरकवलं. काळं तेल त्यात पडू लागलं.

आर्वोची मुलगी सिल्वी हिचा होणारा नवरा आज पहिल्यांदा घरी यायचा होता. त्याचं नावसुद्धा सिल्वीने सांगितलं नव्हतं. "नाव कळलं की तुम्ही थंडर बे शहरभर चौकशा करत सुटाल," ती म्हणाली होती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. याआधी तिने आणलेल्या मुलाशी आर्वोचं याच गॅरेजमध्ये वाजलं होतं, आणि त्यानंतर सिल्वी हिवाळाभर घरी फिरकली नव्हती. बायको गेल्यापासून घरात एकटाच असलेल्या आर्वोने तो हिवाळा कसा काढला ते त्यालाच माहीत. या खेपेला गप्प बसायचं, असं त्याने सकाळीच ठरवलं होतं.

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय त्याला राहवणार नव्हतं. तो गाडीखालून बाहेर आला, कपड्याला हात पुसले आणि टेबलावरच्या तीन डब्यांकडे बोट केलं. त्यांवर तेलाचे आकडे होते: झिरो-वीस, पाच-तीस, पाच-चाळीस.

"टर्बोवाली गाडी आहे. यातलं कुठलं तेल घालशील?"

आधीच्या मुलाने फोन काढला होता. त्याच्याही आधीचा म्हणाला होता, जे स्वस्त असेल ते.

रेमीने डब्यांना हात लावला नाही. "हिवाळ्यात गाडी आत असते की बाहेर?"

"बाहेर. आत माझा पसारा असतो."

"मागे काही ओढता?"

"ट्रेलर. तळ्यावरच्या घरापर्यंत. सगळा चढच आहे."

"आणि गाडीच्या पुस्तकात काय दिलंय?"

"तीस चालतं, चाळीसही चालतं."

रेमीने तिन्ही डब्यांवर नजर फिरवली. "मग यातलं एकही नको. जानेवारीत सकाळी गाडी सुरू करताना तेल चटकन वर चढायला हवं, म्हणून पहिला आकडा शून्य. आणि चढावर ट्रेलर ओढताना टर्बो लालबुंद होतो. तेव्हा पातळ तेलाचा थर टिकत नाही, म्हणून दुसरा चाळीस. झिरो-चाळीस असेल तर बघा."

आर्वोने वाकून टेबलाखालचा डबा वर काढला. झिरो-चाळीस.

"कुठे शिकलास?"

"एक टर्बो जाळून," रेमी हसला. "चढ चढून आलो आणि धाडकन बंद केली गाडी. मिनिटभर चालू ठेवायची असते, हे नंतर कळलं."

आर्वो खदखदून हसला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. दोघांनी मिळून फिल्टर बदलला, तेल भरलं. मग आर्वोने थर्मासमधली कॉफी ओतली आणि वेलदोड्याच्या पावाचा जाडसर तुकडा त्याच्या हातात दिला.

"मग, तीच हवी असं कधी ठरवलंस?"

"फोटो पाहिला तेव्हाच. तुम्हाला भेटेपर्यंत भीतीच होती, आधीच कोणी नेली तर?"

"दोघं येऊन गेले. मी परत पाठवले."

"का?"

"सांभाळायची अक्कल नव्हती. तू ठेवशील कुठे?"

"भावाचं घर आहे नदीकाठी. तिथेच, पाण्याजवळ."

"पाणी तिला लागतंच," आर्वोचा आवाज मऊ झाला. "सगळे उन्हाळे तळ्यातच गेलेत तिचे. पण हट्टी आहे हं. आपल्याच दिशेने जाते."

"सवय झाली की कळतं," रेमी पाव खात म्हणाला, "कुठे जोर लावायचा आणि कुठे सोडून द्यायचं."

आपल्या बायकोलाही हा मुलगा आवडला असता, असं आर्वोला वाटलं. त्याने रेमीच्या खांद्यावर हात ठेवला.

"घेऊन जा तिला. माझा होकार आहे."

"आज?"

"इतकी घाई?"

"बर्फ पडायच्या आत नेलेली बरी."

"माझंही लग्न बर्फाच्या आधीच झालं होतं!" आर्वो म्हणाला आणि त्याने रेमीला मिठीच मारली. रेमीने अवघडून त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात सिल्वीची गाडी अंगणात शिरली. सिल्वी उतरली. पलीकडच्या दाराने केकचा खोका सांभाळत एक उंच माणूस उतरला. तिच्या ऑफिसातला असेल, असं आर्वोला वाटलं. रेमीच्या खांद्यावरचा हात न काढताच तो ओरडला, "सिल्वी! या वेळी माणूस शोधलास बघ! मी याला होकार देऊनही टाकला!"

सिल्वीने वडिलांकडे पाहिलं, मग रेमीकडे, मग केकवाल्याकडे.

"बाबा, मी ज्याच्याशी लग्न करणार आहे तो हा. याच्या गाडीत तेलच उरलं नव्हतं, इंजिन वाटेत बसलं, म्हणून मी याला आणायला गेले होते." तिने रेमीकडे बोट केलं. "पण हे कोण?"

रेमीने पावाचा शेवटचा घास कसाबसा गिळला. "मी तुमची जाहिरात पाहून आलो होतो. होडीची."