बसवणार कोण?

बुधवारी दुपारी कोंडाजी मास्तर शाळेच्या खिडकीला काच बसवत होते. नववीतली प्रियदर्शिनी शेजारी पुट्टी मळत होती. काच तिनेच फोडली होती.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी शाळेत काही मोडलं की मास्तरांना बोलावणं यायचं. फोडलं कुणी, असं ते विचारत नसत. ‘बसवणार कोण?’ एवढंच विचारत आणि थांबत.

डबा घेऊन आलेली त्यांची मुलगी समीक्षा म्हणाली, “बाबा, ही पुन्हा फोडेल.”

“फोडेल. पण ही काच नाही फोडणार.”

शुक्रवारी पहाटे मास्तर गेले.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनीने त्याच खिडकीच्या तीन काचा फोडल्या. शाळा समिती बसली. अध्यक्ष मंगेश, समीक्षाच्याच वर्गातला, मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेला.

“मास्तर होते तोवर चाललं. आता नो चान्स. दाखला हातात द्यायचा.”

मुलीची आजी येसूबाई दारातच उभी होती. “आयबाप मुंबयला हायत रे तिचे. ही शाला सुटली तर पोलादपुरास शिकाया कोन धाडतोय? लगीन लावून मोकले होतील.”

प्रियदर्शिनी खाली बघत होती.

“खिडकीला चार काचा होत्या,” कोपऱ्यात बसलेली समीक्षा म्हणाली. “तिने बाबांबरोबर बसवलेली शाबूत आहे. बाकीच्या मी उद्या महाडहून आणते. ती आणि मी बसवू. दाखला द्यायचा नाही.”

मंगेश हसला. “तू मास्तरांची लेक. पुस्तकं वाचून या पोरांचं डोकं कळत नाय गो. तू कधी खडा तरी मारलायस शाळेवर?”

समीक्षा उभी राहिली.

“सहावीत शाळेची घंटा गेली होती, आठवतं?”

“न आठवायला काय? सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. दाखला लिहून तयार होता. मास्तर आडवे आले म्हणून वाचलो.”

“ती घंटा मी दरीत टाकली, मंगेश. आई जाऊन महिना झाला होता. घंटा नसली की शाळा भरणार नाही, बाबा माझ्याजवळ घरी थांबतील, असं वाटलं. त्यांना कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.”