पडताळणीची प्लेट

प्लेटांवर बुरशी पांढरीशुभ्र फुलली होती आणि सरांनी पेढ्यांचा पुडाही मागवला होता. हर्षदा मात्र स्टुलावर नुसती बसून होती. जिवाणूंच्या मदतीने बुरशीत नवं जनुक घालायचं, म्हणून तिने हाडाची काडं केली होती. प्लेटमध्ये ओतलेल्या खाद्यात बुरशी मारणारं औषध असतं. जनुक मिळालेली बुरशी तेवढी त्यात तगते. आजवर सगळ्या प्लेटा कोऱ्याच निघाल्या होत्या.

"आता चेहरा कशाला पाडलायस? प्रबंध लिहायला घे," सर म्हणाले.

पडताळणीची प्लेट बघायची राहिली होती. तिच्यातल्या बुरशीला जिवाणू दिलेच नव्हते, म्हणजे ती कोरी असायला हवी. हर्षदाला ती उचलावीशी वाटेना. शेवटी तिने उचलली आणि सरांसमोर धरली. तीही पांढरीशुभ्र होती.

"औषध घालायचंच राहिलं माझ्याकडून," ती म्हणाली. "म्हणून सगळीच जगली."

सरांनी प्लेट हातात घेऊन उजेडात धरली. मग त्यांनी पुडा सोडला आणि एक पेढा तिच्या हातावर ठेवला.

"खा. उद्या प्लेटा मी ओततो. औषध मात्र तूच घालायचं."